भाता आमचा, चौकट आमची

आमच्या पुढच्या खोलीत त्या वर्षी नुसता स्टँड उभा होता. वर कॅमेरा नव्हता. मामंजींची खाट त्याच खोलीत होती आणि त्यांची नजर दिवसभर त्या रिकाम्या स्टँडवर असायची. उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून वाचा बंद होती. डाव्या हातानं ते दोनच गोष्टी दाखवत. एक पाणी, आणि दुसरा तो स्टँड.

मामंजी म्हणजे माझे सासरे. झाशीला मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. पुढे स्टुडिओ, मागे आमचं बिऱ्हाड. मी लग्न होऊन आले तेव्हा मला परक्या माणसासमोर बोलताच यायचं नाही. कुणी नाव विचारलं तरी पदराचं टोक पिळत उभी राहायची. शिक्षण चौथीपर्यंत, तेही सागरच्या हिंदी शाळेत. मराठी अक्षर आईनं पोथीवर बोट ठेवून शिकवलं, तेच हे.

सासूबाई गेल्यावर स्टुडिओत मामंजींना हाताखाली कुणी उरलं नाही. माझे यजमान रेल्वेत कारकून. त्यांना त्या कामाचा वास आवडत नसे. मग मामंजींनी मला अंधाऱ्या खोलीत उभं केलं. फोटोची काच ज्या चपट्या लाकडी पेटीत बंद करून कॅमेऱ्यात सरकवतात, तिला ते स्लाइड म्हणत. ती अंधारात भरायची. काचेची मसाल्याची, म्हणजे रसायन लावलेली, बाजू कुठली ते अंधारात डोळ्यांनी कळत नाही. ओल्या ओठाला कोपरा लावायचा, जी बाजू चिकटते ती मसाल्याची. मी हे लवकर शिकले. अंधारात मला बोलताही यायचं. तोंड दिसत नसलं की मला भीती वाटत नाही. "मामंजी, भरली," "मामंजी, ही जरा घट्ट जाते आहे," असं मी मोकळेपणानं बोलायची आणि बाहेर उजेडात आले की पुन्हा मुकी.

कॅमेरा म्हणजे केवढं धूड. सागवानी पेटी, पुढे पितळेची लेन्स, मध्ये कातड्याचा भाता, मागे दुधी काचेची चौकट. मामंजी काळं कापड डोक्यावर घेऊन त्या काचेत बघत. मग स्लाइड सरकवून बाहेर येत आणि पेटीच्या कडेवर अंगठीनं टक टक करत. त्याचा अर्थ, आता हलू नका. झाशीतली लहान मुलंसुद्धा ती टकटक ओळखत. त्यानंतर लेन्सची टोपी काढत, मनात काही मोजत आणि टोपी पुन्हा लावत.

आमच्या घराण्यात कधीकाळी तलवारी होत्या म्हणतात. माझ्या वेळेला खंडेनवमीच्या पूजेला विळी, अडकित्ता आणि तो कॅमेरा, एवढंच उरलं होतं. पण पूजा मात्र शिलेदाराच्या थाटाची. ती झाल्याशिवाय मामंजी पाणीसुद्धा तोंडात घेत नसत. कॅमेऱ्याला हळदकुंकू लावायचं तेही ठरलेल्या जागी. पेटीखालच्या लाकडी पाटाची जी पुढची कड स्टँडच्या बाहेर येते, तिच्या खालच्या अंगाला. वर लावलं तर नवरीच्या शालूला लागेल, आणि गिऱ्हाइकं तर सगळ्या जातीधर्मांची. सासूबाई एकदा कुरकुरल्या, तेव्हा मामंजी म्हणाले, "देवाला वाकून बघता येतं." तेव्हापासून कुंकू खालीच.

तो कॅमेरा घराबाहेर गेला संक्रांतीच्या सुमारास. बरुआसागरला मामंजींचा एक शागीर्द होता. त्यानं मामंजींकडेच काम शिकून तिकडं दुकान काढलं होतं. हौसेनं त्यानं आमच्याच कॅमेऱ्यासारखा, त्याच बनावटीचा, जुना कॅमेरा कुठूनसा आणला होता. मेळ्याच्या तोंडावर त्याचा भाता फाटला. तो आला, मामंजींच्या पाया पडला, आणि मामंजींनी आमचा कॅमेरा मेळ्यापुरता त्याच्या हवाली केला. स्टँड जड, म्हणून तो इथंच राहिला. मेळा झाला, मग लग्नसराई लागली, मग मामंजी पडले. "बाबूजी बरे झाले की मीच आणून देतो," असं त्याचं सांगणं आलं. आणि पावसाळ्यात तो स्वतःच वारला.

आमच्या घरी ही गोष्ट कुणी काढत नव्हतं. यजमान म्हणत, "काय करायचाय तो? आता कोण असे फोटो काढतं?" तेही खरं होतं. लहान रिळाचे कॅमेरे आले होते. पण मामंजींचा डावा हात स्टँडकडे जायचा तो जायचाच.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी बरुआसागरचा एक भाजीवाला दारावरून गेला. तो मामंजींच्या ओळखीचा. त्यानं उभ्या उभ्या सांगितलं, की तिकडं शागिर्दाच्या मुलानं सगळं जुनं सामान काढलंय, दिल्लीचा व्यापारी उद्या गाडी घेऊन यायचाय. मामंजींनी ते ऐकलं. त्यांचा हात वर गेला आणि तसाच राहिला. मी तो खाली ठेवायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. सोडेचनात.

सकाळी त्यांनी पाणी नाकारलं. खंडेनवमी होती आणि पूजा झाली नव्हती. मी चमच्यानं दूध लावून बघितलं, ओठ घट्ट मिटलेले. वैद्यांनी सांगितलं होतं, यांना उपाशी ठेवू नका.

"मी जातो," यजमान म्हणाले. "पण दोन कॅमेरे आहेत म्हणतेस. त्यातला आपला कुठला, मी कसं ओळखू?"

त्यांना खरंच ओळखता आलं नसतं. मी म्हटलं, "मी येते." हे मी कसं म्हटलं ते मला आजही कळत नाही.

शेजारच्या काकूंना मामंजींजवळ बसवलं. जाताना मी कापडी पिशवीत आमच्याकडे उरलेली एक स्लाइड घेतली. लेन्सची टोपी फळीवर पडली होती, तीही टाकली. मूळ टोपी हरवल्यावर मामंजींनी ती पातळ पत्र्याची करून घेतली होती, आत काळी मखमल.

बसमध्ये आल्याच्या रिकाम्या गोण्या होत्या आणि नवमीची गर्दी. यजमान वाटेत एवढंच बोलले, "तिथं चार पुरुष असतील. मुकी नको बसूस. आणि रडू तर मुळीच नकोस." मी पिशवीत हात घालून स्लाइडची कड धरून बसले होते. बरुआसागरचं तळं दिसायला लागलं तशी मी पिशवी छातीशी धरली.

शागिर्दाच्या घरासमोर मालाचा टेम्पो उभाच होता. त्यात पितळी हंडे, समया, घड्याळं गवतात बांधलेली. व्यापारी पांढऱ्या सफारीत, हातात रुमाल. मुलगा आमच्याच वयाचा, बियाण्याचं दुकान चालवणारा, स्वभावानं वाईट नव्हता. यजमानांना बघून तो पुढं आला.

"आओ भैयाजी, आओ. दद्दा होते तो खुद लेके आते. हमने तो तुमाओ अलग धर दओ है." आणि त्यानं कोपऱ्यात बोट दाखवलं.

ओसरीत दोन कॅमेरे होते. एक दारापाशी चौरंगावर, पुसून चकचकीत केलेला, पुढे मोठी पितळी लेन्स, भाता धड. दुसरा कोपऱ्यात पोत्याखाली. त्याचा भाता घडीघडीत चिरलेला, पुढे लहान लेन्स. मुलगा आम्हाला तो फाटका देत होता.

"आमचा भाता धड होता," यजमान हिंदीत म्हणाले.

"भैयाजी, दद्दा दिनभर इसी से काम करते थे, ये चौरंग वाले से. अपना कॅमेरा था तभी तो. वो कोने वाला तो ढँका धरा रहता था. परायी चीज थी, सो ढँक के धरी." त्याला हे मनापासून वाटत होतं. त्यानं आपल्या वडिलांना ज्यावर काम करताना पाहिलं, तो वडिलांचा.

व्यापारी घड्याळ बघत म्हणाला, "देखिए साहब, चौरंग वाले का सौदा हो गया है. मुझे दोपहर से पहले निकलना है. आपका है तो बताइए, कैसे आपका है?"

यजमानांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी यजमानांच्या बाहीला हात लावून मराठीत हळूच म्हटलं, "पाटाच्या खाली कुंकू असेल."

त्यांनी ते हिंदीत मोठ्यानं सांगितलं. मुलगा हसला नाही, त्यानं चौरंगावरचा कॅमेरा सरळ उचलून आडवा केला. पाटाच्या कडेखाली लाल होतं. यजमानांचा चेहरा खुलला. मुलगा म्हणाला, "ठैरो," आणि कोपऱ्यातला फाटकाही आडवा केला.

त्याच्याही खाली लाल.

"लो," व्यापारी म्हणाला. "अब दोनों आपके."

टेम्पोवाला हसला. मग मला कळलं. शागीर्द आमच्या घरी शिकला होता. पूजा त्यानं आमच्याकडेच पाहिली होती, आणि आमच्यासारखंच खालच्या अंगाला लावायचा. मेळ्याचं काम सुरू करताना दोन्हींना लावलं असेल. सगळीच खूण पुसली गेली, असं वाटलं. घरी मिटलेले ओठ डोळ्यांसमोर आले.

पण तो रंग आमच्या कुंकवाचा नव्हता. आमचं कुंकू हळदीचं, कोरडं, वर्षांनी काळपट होतं. हा रंग केशरी होता, तेलात कालवलेला शेंदूर. मी खाली बसले. पदर सावरून चौरंगावरच्या कॅमेऱ्याच्या कडेला नख लावलं. शेंदराचा पापुद्रा निघाला. खाली काळपट लाल, थरावर थर. मग फाटक्याजवळ गेले आणि तिथंही खरवडलं. शेंदराखाली कोरं लाकूड.

मी नख यजमानांना दाखवलं. मुलानं वाकून दोन्ही बघितलं, आपल्या बोटानं खरवडून बघितलं. "हओ," तो शेवटी म्हणाला, "नीचे वालो रंग हमाए घर को नईं है."

तिथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, आणखी पक्कं करावं. मी पिशवीतून स्लाइड काढली. आमच्या कॅमेऱ्याची मागची चौकट वाळवीनं खाल्ली होती, ती मामंजींनी झाशीच्याच सुताराकडून नवी करून घेतली होती. त्यामुळे आमच्या स्लाइडा दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्यात जात नसत. मी चौरंगापाशी जाऊन स्लाइड चौकटीत सरकवली.

जाईना. एका बाजूनं अडली, उलटी करून बघितली तरी अडली.

व्यापाऱ्यानं माझ्या हातून स्लाइड घेतली, कोपऱ्यात गेला, आणि फाटक्या कॅमेऱ्यात ती एका दमात सरकून बसली. टक्कन आवाज आला.

"बहनजी ने खुद फैसला कर दिया," तो म्हणाला. "चलो भाई, उठाओ."

टेम्पोवाल्यानं चौरंगावरच्या कॅमेऱ्याला हात घातला. यजमान दातांत म्हणाले, "कुणी सांगितलं होतं तुला ती काढायला?" मुलगाही आता माझ्याकडे संशयानं बघत होता. मी फाटक्या कॅमेऱ्याजवळ बसले आणि काही सुचेना म्हणून स्लाइड परत काढायला लागले. सवयीनं बोट फटीतून फिरलं. आत मऊ लागलं. मी वाकून बघितलं.

फटीत निळी मखमल होती.

नव्या चौकटीच्या फटीतून उजेड शिरायचा आणि काचेच्या एका कडेला पांढरा पट्टा यायचा. मामंजी वैतागले होते. तेव्हा मी माझ्या लग्नातल्या चोळीच्या बाहीचा तुकडा कापून सरसानं आत चिकटवला होता. ती चौकट माझी होती. भाता आणि पाट चौरंगावर, चौकट कोपऱ्यात. मग मला आठवलं, की ही चौकट सुटी होते. फोटो उभा हवा की आडवा त्याप्रमाणे मी स्वतः ती काढून फिरवत असे. वरचे दोन चाप ओढले की हातात येते.

पण हे त्या पुरुषांना सांगणार कोण?

आतल्या दारात शागिर्दाची बायको बसली होती. पांढऱ्या लुगड्यात, भिंतीला टेकून, सगळं ऐकत. आल्यापासून तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी तिच्यापाशी जाऊन बसले. तिच्याशी बोलताना मला भीती वाटली नाही.

"अम्मा, मेले के टेम उन्होंने पीछे की चौखट बदली थी क्या?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "काए बहू, तुमाए ससुर कैसे हैं?"

"बोलते नहीं. आज पानी भी नहीं लिया."

तिनं पदर तोंडाला लावला. मग आवाज चढवून ओसरीकडे बघत मुलाला म्हणाली, "काए रे, मोसे काए नईं पूछत? तुमाए दद्दा की डिबियाँ गुरुजी के कैमरे में जातईं नईं हतीं. सो अपनो पिछवाड़ो निकार कें उनके में लगा लओ, और उनको अपने फटे में टाँग दओ, कै गुमे नईं. मैंने तो लालटेन पकरी हती!"

डिबियाँ म्हणजे स्लाइडा, आणि पिछवाड़ो म्हणजे मागची चौकट. मला हे आधी का सुचलं नाही, असं वाटलं. त्याच्याकडे स्लाइडा त्याच्या, म्हणून चौकट त्याची लावली. भाता आमचा धड, म्हणून भाता आमचा. किती सरळ होतं.

मुलानं डोकं खाजवलं. "अम्मा, तुमने पैलें काए नईं कई?"

"तैनें व्यापारी सें पूछी, मोसे पूछी का?"

मी चौरंगापाशी गेले, दोन्ही चाप ओढले आणि त्याची चौकट काढली. कोपऱ्यातून आमची आणून बसवली. मग स्लाइड सरकवली. ती गेली. काम हातांना माहीत होतं. पदर खांद्यावर पडला होता तो सावरायचंही मला भान नव्हतं. यजमान पहिल्यांदाच मला असं काम करताना बघत होते.

"ठीक है," व्यापारी म्हणाला. त्याचा आवाज आता मऊ झाला होता, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "डिब्बा आपका. डिब्बे में मुझे वैसे भी रस नहीं. मुझे ये पीतल चाहिए." त्यानं मोठ्या लेन्सवर हात ठेवला. "ये किसका है, ये बता दीजिए."

मोठी लेन्स आमच्या पेटीवर लावलेली होती. लहान लेन्स फाटक्यावर. मुलगा आईकडे बघायला लागला. ती म्हणाली, "मोए काँच की का खबर. उनके पास दोई धरीं रहत तीं."

म्हणजे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्याशिवाय.

यजमान माझ्या कानाशी आले. तिथं मराठी कुणाला कळत नव्हतं, तरी ते अगदी हळू बोलले. "मोठी आपली म्हण. आपल्याच पेटीवर आहे. कोण नाही म्हणणारे?"

मी चौकटीच्या चापावरून बोट फिरवत राहिले.

"अगं, बाबांच्या औषधाचं बघायला नको? आयुष्यभर त्यांनी शिकवलं या लोकांना. बोल ना. नुसती मान हलव, बाकी मी सांगतो."

ते वाईट माणूस नव्हते. औषधाची ओढाताण मलाही दिसत होती. मान हलवणं मला सोपं होतं, आयुष्यभर मी तेच केलं होतं. मी पिशवीत हात घातला आणि टोपी हाताला लागली. यजमानांना टोपीची गोष्ट ठाऊक नव्हती. ती पिशवीतच राहिली असती तर कुणाला कळलं नसतं.

मला मामंजी दिसले. आम्ही मोठी लेन्स नेऊन स्टँडवर लावली असती आणि म्हटलं असतं, "बघा मामंजी, आणला." त्यांचा हात पितळेवर गेला असता आणि थांबला असता. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. बोलता येणाऱ्या माणसाला फसवता येतं, तो निदान भांडतो तरी. मुक्या माणसापुढे खोटी वस्तू ठेवून त्याच्याकडून पूजा करून घ्यायची, हे मला नको होतं.

मला बोलायचं नव्हतंच. मी कोपऱ्यात गेले आणि टोपी लहान लेन्सवर बसवली. ती बसली, मखमलीचा हलका घस्स असा आवाज झाला. मग मी बाजूला झाले.

मग म्हातारीनं मोठ्यानं श्वास सोडला. मुलगा उठला, मोठी लेन्स जिच्यावर बसवलेली होती ती लाकडी पाटी आमच्या पेटीतून सोडवली आणि व्यापाऱ्याच्या हातात दिली. आमच्या लहान लेन्सची पाटी त्यानं स्वतः आमच्या पेटीवर बसवली. व्यापाऱ्यानं पितळ फुंकर मारून रुमालात गुंडाळलं. त्याचं काम झालं होतं. फाटका भाता, रिकामी पेटी तिथंच राहिली.

"और इसका क्या करूँ?" मुलगा म्हणाला.

"धरो रन दे," म्हातारी म्हणाली. "मैं ईमें कंडा धरहों." कॅमेऱ्यात गोवऱ्या! आणि ती हसली. घरातला माणूस गेल्यानंतर बहुधा पहिल्यांदा हसली असावी, कारण मुलगा तिच्याकडे वळून बघत राहिला. निघताना तिनं माझ्या ओटीत मूठभर आलं घातलं. विधवेनं ओटी भरायची नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी ओटी पुढं केली.

परतीच्या बसमध्ये कॅमेरा चादरीत बांधून माझ्या मांडीवर होता. मांड्या बधिर झाल्या. यजमान खिडकीतून बाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "तुला टोपी न्यायची बुद्धी कुठून झाली?" त्यात राग किती आणि दुसरं काही किती, मला ओळखता आलं नाही. माझं मन घरी लागलं होतं. ऊन कलायला लागलं होतं आणि मामंजींच्या पोटात काही नव्हतं.

गल्लीत शिरलो तर काकू दारातच उभ्या. "आलात बाई! काही घेत नाहीत. मघापासून डोळेही उघडत नाहीत."

मी चप्पलसुद्धा काढली नाही. यजमानांनी चादर सोडली आणि त्यांनीच कॅमेरा उचलून स्टँडवर बसवला. मी खालचा स्क्रू आवळला. मग आम्ही दोघांनी स्टँड चाकांवर ढकलत खाटेपाशी नेला. चाकांचा तो किरकिर आवाज झाला आणि मामंजींनी डोळे उघडले.

मी त्यांच्या पाठीशी उशी दिली. त्यांचा डावा हात वर आला. आधी पाटाच्या कडेखाली गेला, शेंदूर बोटाला लागला, तो त्यांनी बघितला. मग भाता. प्रत्येक घडीवरून बोट. मग मागे चौकटीकडे, फटीत, मखमलीवर. मग पुढे, लेन्सवर. टोपीवर हात थांबला. बरुआसागरला मी सगळं ओळखलं होतं, तरी आता वाटायला लागलं, कुंकू खरंच आमचं होतं ना? दुसऱ्या कुणाच्या घरचं तर नव्हतं?

त्यांचं समाधान झालेलं दिसेना. हात पुन्हा निघाला. अंगावरून पलीकडे, पेटीच्या उजव्या बाजूला जायला बघत होता. पोचत नव्हता. मी स्टँड थोडा वळवला. त्यांची बोटं लाकडावरून चाचपत वर गेली आणि कडेपाशी एका जागी थांबली. मी वाकून बघितलं. तिथं लाकडाला बारीक बारीक खळगे होते, एकाला लागून एक, पुष्कळ. त्यांच्या अंगठीचे. इतकी वर्षं मी तो कॅमेरा पुसला आणि ते मला कधी दिसलेच नव्हते. बरुआसागरला ही खूण दाखवली असती तर शेंदूर खरवडायची गरजच पडली नसती.

अंगठी आता हातात नव्हती, सुजेमुळे काढून ठेवली होती. त्यांनी बोट वाकवलं आणि त्या खळग्यांवर पेराचं हाड आपटलं. आवाज अगदी बारीक आला.

टक. टक.

मी लेन्सच्या समोरच उभी होते. इतक्या वर्षांत त्या कॅमेऱ्यासमोर मी कधी उभी राहिले नव्हते, माझी जागा नेहमी मागे, अंधारात. मामंजींनी टोपीला हात घातला आणि ती काढली. आत काच नव्हती, काही उमटणार नव्हतं. त्यांचे ओठ हलायला लागले. ते मोजत होते.

यजमान हातात पाण्याचं भांडं आणि कुंकवाचा करंडा घेऊन दारात आले. "काय झालं? काय म्हणतायत?"

मी तोंड न हलवता म्हटलं, "हलू नका म्हणतायत."